आर्किमिडीजची खरडलेली पोथी

आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाचें नांव शाळेची पायरी चढलेल्या बहुतेकांस ठाऊक असतें. स्नानाच्या हौदांतून उठून "सांपडलें, सांपडलें" असें ओरडत भर रस्त्यांतून नागवा धांवणारा मनुष्य, ही त्याची मूर्ति लहानपणीं मनावर जी ठसते ती पुढें पुसली जात नाहीं. मींही पस्तीस वर्षें मुलांना ती गोष्ट सांगितली. सेवानिवृत्त झाल्यावर तिचें मूळ शोधूं लागलों, तेव्हां लक्षांत आलें कीं, ती सांगणारा व्हिट्रुव्हिअस हा रोमन वास्तुशास्त्रज्ञ आर्किमिडीजच्या मागून जवळजवळ दोन शतकांनीं झाला. आणि आर्किमिडीजच्या स्वतःच्या उपलब्ध ग्रंथांत तिचा मागमूसही नाहीं. तेव्हां या पुरुषाविषयीं समकालीन साधनें कोणतीं, मागाहूनचीं कोणतीं, आणि त्याचें स्वतःचें लिखाण आपणांपर्यंत कोणत्या वाटेनें आलें, याचा शोध घेणें क्रमप्राप्त झालें. त्या शोधांत एका पोथीची जी हकीकत हातीं लागली ती या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. दप्तरें व रुमाल सोडण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस ती परकी वाटणार नाहीं.

प्रथम चरित्र. तें अगदीं थोडें आहे. सिसिली बेटांतील सिराक्यूज हें ग्रीक नगर त्याचें जन्मस्थान. इ. स. पू. २१२ मध्यें रोमन सेनापति मार्सेलस यानें तें नगर घेतलें, त्या लुटालुटींत आर्किमिडीज मारला गेला. ही एक तारीख पक्की. जन्माचें साल इ. स. पू. २८७ असें सर्व पुस्तकांत छापतात, पण त्यास आधार इतकाच कीं, बाराव्या शतकांतील ट्झेट्झीझ नांवाच्या बायझंटाईन पद्यकारानें तो ७५ वर्षें जगला असें म्हटलें आहे. २१२ त ७५ मिळविले कीं २८७! मृत्यूनंतर चौदाशें वर्षांनीं झालेल्या ग्रंथकाराच्या एका विधानावर ही सारी इमारत उभी आहे. हेराक्लिडीझ नांवाच्या कोणीं त्याचें चरित्र लिहिलें होतें असा उल्लेख सांपडतो, पण तें नष्ट झालें.

बापाच्या नांवाची गोष्ट तर पाठचिकित्सेचा एक उत्तम मासला आहे. 'वालुकागणन' या आपल्या छोट्या ग्रंथांत सूर्य चंद्राच्या किती पट आहे याविषयींचीं मतें आर्किमिडीज देतो: यूडॉक्सस म्हणे नऊ पट, अमका म्हणे बारा पट, ॲरिस्टार्कस म्हणे अठरा पटींहून अधिक व वीस पटींहून कमी. यांतील मधल्या पुरुषाचें नांव हस्तलिखितांत "अकूपाटरचा फायडियास" असें दिसतें. अकूपाटर हें नांव ग्रीकांत कोठेंच नाहीं. फ्रीड्रिख ब्लास या जर्मन पंडितानें एका अक्षराचा फेर करून व पद तोडून दाखविलें कीं, येथें "माझा पिता फायडियास" असें हवें. लेखकाला डोरिक बोलींतील "माझा" हा शब्द उमगला नाहीं व त्यानें त्याचें विशेषनाम केलें. पदच्छेद चुकल्यानें भलताच पुरुष जन्मास येतो, हा अनुभव आपणांसही आहेच. आर्किमिडीजचा बाप ज्योतिषी होता हें आपणांस कळतें तें या दुरुस्तीवरून.

सिराक्यूजच्या वेढ्याची हकीकत त्या मानानें चांगल्या पुराव्यावर उभी आहे. ती सांगणारा पॉलिबिअस त्या शतकांतलाच. वेढ्यांतून वांचलेलीं माणसें त्याच्या बालपणीं हयात असणें सहज शक्य होतें. लांबच्या व जवळच्या माऱ्यासाठीं निरनिराळ्या मापांचीं दगड फेंकणारीं यंत्रें, तटाला पाडलेलीं झरोक्यांसारखीं भोंकें, आणि गलबताची नाळ पकडून तें उभें करणारा व मग एकदम सोडून देणारा लोखंडी पंजा, यांचें वर्णन तो करतो. नगर अखेर यंत्रांच्या पराभवानें पडलें नाहीं. देवीच्या उत्सवांत पहारेकरी गाफील असतां रोमन लोक तटावर चढले, व उरलेला भाग फितुरीनें मिळाला.

आरशांनीं सूर्यकिरण एकवटून गलबतें जाळल्याची कथा मात्र पॉलिबिअस, लिव्ही व प्लुटार्क या तिघांसही ठाऊक नाहीं. दुसऱ्या शतकांतील ल्यूशन गलबतें जाळलीं एवढेंच म्हणतो. आरसे प्रथम स्पष्टपणें येतात ते सहाव्या शतकांत. कथा पुढें सरकते तसतसें तिला बाळसें धरतें. मुकुटाच्या गोष्टीविषयींही शंका जुनीच आहे. गॅलिलिओनें १५८६ मध्यें, वयाच्या बाविसाव्या वर्षीं लिहिलेल्या एका टिपणांत म्हटलें आहे कीं, भांड्यांतून सांडलेलें पाणी मोजण्याची रीत फार ओबडधोबड आहे व आर्किमिडीजसारख्यास ती शोभत नाहीं. त्यानें मुकुट पाण्यांत बुडवून तराजूनेंच तोलला असला पाहिजे. 'तरंगणारे पदार्थ' या त्याच्या ग्रंथांतील सिद्धांताशीं, म्हणजे बुडालेल्या वस्तूचें वजन तिनें सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकें घटतें या नियमाशीं, गॅलिलिओची कल्पना अधिक जुळते असें मलाही वाटतें. मृत्यूविषयीं प्लुटार्कनेंच तीन निरनिराळ्या कथा दिल्या आहेत व निर्णय वाचकांवर सोंपविला आहे. इतका प्रामाणिकपणा आमच्या कांहीं बखरकारांनीं दाखविला असता तर आपलें काम किती हलकें झालें असतें!

एक गोष्ट मात्र प्रत्यक्ष पाहणाराची आहे. इ. स. पू. ७५ मध्यें सिसरो सिसिलींत सरकारी कामावर असतां त्यानें आर्किमिडीजची समाधि शोधून काढली. गांवचे लोक अशी समाधि येथें नाहींच म्हणत होते. सिसरोला एक जुनें पद्य पाठ होतें, त्यांत समाधीवर गोल व वृत्तचिति यांची आकृति असल्याचा उल्लेख होता. वेशीबाहेरच्या थडग्यांच्या दाटींत, कांटेरी झुडुपांवर डोकावणारा एक लहान खांब त्याला दिसला व त्यावर ती आकृति होती. त्यानें कोयतेवाले बोलावून जागा साफ करविली. खालचा लेख अर्धाअधिक झिजलेला होता. मृत्यूला अवघीं १३७ वर्षें झालीं होतीं, आणि गांव विसरून गेला होता. ती समाधि आज नाहीं.

गोल व वृत्तचिति ही आकृति कोरविण्याचें कारण असें कीं, गोलाभोवतीं बरोबर बसणारी वृत्तचिति घेतली तर गोलाचें घनफळ तिच्या दोन-तृतीयांश भरतें व पृष्ठफळही दोन-तृतीयांशच भरतें, हा शोध त्यानें लावला व त्याचा त्याला सर्वांत अधिक अभिमान होता. त्याचे इतर शोध सांगावयाचे तर लेख फुगेल. वर्तुळाच्या आंत व बाहेर ९६ भुजांच्या आकृति कल्पून परिघ व्यासाच्या ३ पूर्णांक १०/७१ पेक्षां अधिक व ३ पूर्णांक १/७ पेक्षां कमी आहे हें त्यानें सिद्ध केलें. आपण शाळेंत घेतों तो २२/७ म्हणजे यांतील वरची मर्यादा होय. 'वालुकागणनां'त सर्व विश्व वाळूनें भरलें तरी कणांची संख्या एकावर त्रेसष्ट शून्यें यापेक्षां अधिक होणार नाहीं असें त्यानें मांडलें, आणि तेंही स्थानमूल्याची अंकपद्धति नसतां! शून्य हातीं असलेल्या आमच्या पूर्वजांस परार्धाच्याही पलीकडे जाणें सोपें होतें. त्याला प्रत्येक पायरीस नवें नांव योजावें लागलें. याच ग्रंथांत, पृथ्वी सूर्याभोवतीं फिरते हें ॲरिस्टार्कसचें मत नमूद आहे. ॲरिस्टार्कसचा तो मूळ ग्रंथ गेला, मत राहिलें तें येथें.

त्याचा स्वभावही पत्रांतून दिसतो. आपले सिद्धांत तो अलेक्झांड्रियाच्या पंडितांकडे प्रथम सिद्धतेवांचून धाडी, आणि 'आम्हीं हें शोधलेंच होतें' म्हणणाऱ्यांस पकडण्यासाठीं त्यांत मुद्दाम खोटे सिद्धांत मिसळी. हें त्यानें स्वतःच पुढें कबूल केलें आहे.

आतां त्याच्या ग्रंथांचा प्रवास. तो आपल्या सिराक्यूजच्या डोरिक बोलींत लिहीत असे. जे ग्रंथ फार वाचले गेले त्यांची बोली नकलकारांच्या हातून पालटून सामान्य ग्रीक झाली. जे थोडे वाचले गेले त्यांत ती टिकली. नाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध करण्याचें मनावर कां घेतलें हें ज्यास ठाऊक आहे त्यास ही प्रक्रिया सांगावयास नको. सहाव्या शतकांत युटोशिअस यानें तीन ग्रंथांवर टीका लिहिल्या. पुढें कॉन्स्टँटिनोपल येथें नवव्या-दहाव्या शतकांत त्याच्या ग्रंथांच्या तीन मोठ्या पोथ्या तयार झाल्या. पंडित त्यांस क, ख, ग अशा खुणांनीं ओळखतात असें आपण समजूं. क पोथी इटलींत आली, तिच्या नकला झाल्या व सोळाव्या शतकांत ती नाहींशी झाली. ख पोथी शेवटची दिसते ती पोपच्या १३११ च्या यादींत. या दोहोंवरून विल्यम मोर्बेके या पाद्र्यानें १२६९ मध्यें शब्दशः लॅटिन भाषांतर केलें होतें. त्याच्या हातची प्रत व्हॅटिकनमध्यें १८८४ त उघडकीस आली. मूळ ग्रीक प्रथम छापलें गेलें तें १५४४ त, बाझेल येथें. कांहीं ग्रंथ अरबींतूनच उरले. 'तरंगणारे पदार्थ' या ग्रंथाचें ग्रीक मूळ ख बरोबर गेलें अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत समजूत होती.

उरली ग पोथी. ती दहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कमावलेल्या चामड्यावर, माजूफळ व हिराकस यांच्या शाईनें, बारीक व घोटीव अक्षरांत लिहिलेली. चामडें महाग असे. तेराव्या शतकांत कोणा धर्मगुरूस प्रार्थनांची पोथी करावयाची होती. त्यानें आर्किमिडीजची पोथी उसवली, पानें पुसून खरडून काढलीं, प्रत्येक जोडपान मध्यें कापलें, तें आडवें फिरवून पुन्हां दुमडलें, आणि वर प्रार्थना लिहिल्या. म्हणून जुन्या ओळी नव्या ओळींना काटकोनांत जातात व शिवणींत गडप होतात. इतर चारपांच जुन्या पोथ्यांचीही तीच गत झाली व त्यांचीं पानें यांतच मिसळलीं. पोथीच्या आरंभींच्या पानावर लेखकाची मिति आहे: सृष्टिसंवत् ६७३७, एप्रिल महिना, म्हणजे इ. स. १२२९, आपला शके ११५१. लेखकाचें नांव योआनीझ मायरोनास.

येथें थोडें विषयांतर करतों. त्या वेळीं देवगिरीस सिंघण यादव राज्य करीत होता, आणि त्याच सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें खानदेशांत पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला होता. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो शिलालेख उजेडांत आणला. एकीकडे गणिताच्या पोथीसाठीं मठ, एकीकडे प्रार्थनेसाठीं गणिताची पोथी खरडली, असा विरोध दाखविण्याचा मोह होतो. पण तो न्याय होणार नाहीं. आर्किमिडीज वाचूं शकेल असा मनुष्य तेव्हां त्या प्रदेशांत विरळा होता. प्रार्थनेची पोथी मात्र रोज हातीं घेतली जाई, व म्हणूनच ती मठांत जपली गेली. खरडली नसती तर ती क व ख यांच्या मागून गेली असती अशीच शक्यता अधिक.

ही पोथी कित्येक शतकें जेरुसलेमजवळच्या मार साबा मठांत होती; तेथून ती एकोणिसाव्या शतकांत जेरुसलेमच्या धर्मपीठाच्या कॉन्स्टँटिनोपल येथील शाखेंत आली. १८४० नंतर टिशेनडॉर्फ या प्रसिद्ध पोथीशोधकानें ती पाहिली, गणिताचें कांहीं खालीं आहे एवढें नमूद केलें, आणि एक पान आपल्याबरोबर नेलें. तें पान त्याच्या मृत्यूनंतर केंब्रिजच्या ग्रंथालयांत गेलें, व नायजेल विल्सन यांनीं तें याच पोथीचें आहे हें जवळजवळ शंभर वर्षांनीं ओळखलें. खरा उपकार केला तो पापाडोपुलोस-केरामेउस या यादीकारानें. १८९९ मध्यें यादी छापतांना त्यानें क्रमांक ३५५ खालीं प्रार्थनापोथीची नोंद केलीच, पण खालच्या अस्पष्ट अक्षरांतल्या कांहीं ओळीही उतरून घेतल्या. त्या कोणाच्या हें त्यास समजलें नव्हतें. कोपनहेगनचे प्रो. हायबर्ग, ज्यांनीं आर्किमिडीजची आवृत्ति १८८०-८१ त काढली होती, त्यांच्या दृष्टीस त्या ओळी पडल्या व त्यांनीं त्या तात्काळ ओळखल्या.

माझ्या स्वतःच्या हातून याच्या उलट घडलें आहे. नोकरींत असतां एका खेड्यांतील वृद्ध गृहस्थांनीं माझ्यापुढें एक रुमाल ठेविला. वरचीं दोनचार पानें पाहिलीं. स्तोत्रें, कवचें, एक संकष्टीमाहात्म्य. "आजोबा, हीं छापलेलीं मिळतात," असें म्हणून मीं गांठ पुन्हां बांधली. पुढें दोनतीन वर्षांनीं त्यांचा नातू भेटला तेव्हां सहज म्हणाला कीं, पुठ्ठ्यासाठीं एकमेकांस चिकटविलेल्या कागदांवर मोडी होती, आणि एका कागदाच्या माथ्यावर शिक्का. आजोबा वारल्यावर रुमाल नदींत सोडला होता. तेव्हांपासून यादीकाराच्या त्या चारदोन ओळी मला हायबर्गच्या विद्वत्तेहून मोठ्या वाटतात.

हायबर्ग १९०६ मध्यें व पुन्हां १९०८ मध्यें कॉन्स्टँटिनोपलास गेले. पोथी उसवण्याची मुभा नव्हती. भिंग, दिवसाचा प्रकाश व छायाचित्रें एवढ्या साधनांवर त्यांनीं बहुतेक मजकूर लावला. 'तरंगणारे पदार्थ' ग्रीकांत मिळाला. आणि त्याहून मोठें म्हणजे, ज्याचें केवळ नांव ऐकिवांत होतें असा एक संबंध ग्रंथ मिळाला: एराटोस्थेनीझ यास पत्ररूपानें लिहिलेली 'रीति'. त्यांत आर्किमिडीज आपलें गुपित सांगतो कीं, माझे सिद्धांत मला प्रथम यंत्रशास्त्रानें, तराजू मनांत कल्पून, दिसतात. मग मी भूमितीनें ते सिद्ध करतों. तराजूनें सिद्धता होत नाहीं, पण उत्तर आधीं कळलें म्हणजे सिद्धता शोधणें सोपें जातें.

ही रीति गोलास लावून पाहूं. ज्यांस गणिताचा कंटाळा असेल त्यांनीं पुढला एक परिच्छेद सोडावा.

एक गोल घ्या. त्याच्या व्यासाइतकीच उंची व व्यासाइतकीच तळाची त्रिज्या असा एक शंकु, आणि तेवढीच उंची व तोच तळ असलेली एक मोठी वृत्तचिति घ्या. गोलाच्या एका टोंकाशीं तराजूचा टेकू कल्पा. शंकूचें टोंक तेथेंच, व व्यासाची रेषा हीच दांडीची एक बाजू. दुसऱ्या बाजूस दांडी व्यासाइतकीच लांब. आतां टेकूपासून कोणत्याही अंतरावर तिन्ही आकृति आडव्या कापा, म्हणजे तीन पातळ चकत्या मिळतील. भूमितीवरून असें दिसतें कीं, गोलाची व शंकूची अशा दोन चकत्या उचलून दांडीच्या दूरच्या टोंकास टांगल्या, तर त्या वृत्तचितीच्या जागच्या जागीं असलेल्या चकतीला बरोबर तोलून धरतात. प्रत्येक अंतरावर असेंच. तेव्हां सगळा गोल व सगळा शंकु त्या टोंकास टांगले कीं सगळी वृत्तचिति तोलली जाते. पण वृत्तचितीचा भार तिच्या मध्यावर, म्हणजे टोंकाच्या निम्म्या अंतरावर पडतो. म्हणून गोल व शंकु मिळून वृत्तचितीच्या निम्मे. शंकु वृत्तचितीचा तिसरा हिस्सा, हें पूर्वींच ठाऊक होतें. निम्म्यांतून तिसरा हिस्सा गेला, राहिला सहावा, तो गोल. ही मोठी वृत्तचिति गोलाला घट्ट बसणाऱ्या वृत्तचितीच्या चौपट आहे. म्हणून त्या लहानीचा गोल दोन-तृतीयांश. समाधीवरची आकृति ती हीच.

आमच्याकडे आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें गोलाच्या घनफळाचें जें सूत्र दिलें तें चुकलेलें आहे, हें अभिमान बाजूस ठेवून सांगितलें पाहिजे. आणि भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें लीलावतींत दिलेलें, पृष्ठफळास व्यासानें गुणून सहांनीं भागण्याचें सूत्र अगदीं बिनचूक आहे, हेंही तितक्याच मोकळेपणानें. त्यांची उपपत्ति गोलाचे पृष्ठापासून केंद्राकडे निमुळते होणारे सुळे कल्पण्याची आहे. तराजूशीं तिचा कांहीं संबंध नाहीं.

हायबर्ग यांची नवी आवृत्ति १९१० ते १९१५ या काळांत निघाली. त्यानंतर पहिलें महायुद्ध, तुर्कस्तानांतील उलथापालथ. आणि पोथी मठांतून नाहींशी झाली. ती पॅरिसमध्यें एका खाजगी घरांत जाऊन पडली. तेथें ती ओलीनें बुरसली, आणि तिच्यावर एक नवें संकट आलें. चार पानांवर कोणीं तरी ख्रिस्ती सुवार्तिकांचीं सोनेरी चित्रें काढलीं, अर्थात् पोथी सचित्र व जुनी म्हणून अधिक किंमतीस जावी या हेतूनें. हीं चित्रें मूळचीं नव्हत हें दोन गोष्टींवरून ठरलें: तीं १९२९ सालीं छापलेल्या एका पुस्तकांतील चित्रांवरून मापास माप उतरविलेलीं आहेत, आणि त्यांतील हिरवा रंग १९३८ पूर्वीं बाजारांत मिळतच नव्हता. खोट्या सनदा तयार करणारांची जात सर्व देशांत एकच. येथें मात्र खोट्यासाठीं खऱ्यावरच रंग चढविला गेला.

२९ ऑक्टोबर १९९८ रोजीं न्यूयॉर्क येथें पोथीचा लिलांव झाला. जेरुसलेमच्या धर्मपीठानें ती आपली असल्याचा दावा केला होता, तो न्यायालयानें मानला नाहीं. २० लक्ष डॉलरांस ती एका अज्ञात गृहस्थानें घेतली. संग्राहकांविषयीं आपण नेहमीं कडू बोलतों; या गृहस्थानें मात्र ती तळघरांत कोंडली नाहीं. बाल्टिमोर येथील वॉल्टर्स वस्तुसंग्रहालयाकडे १९९९ च्या आरंभीं सोंपविली व संशोधनाचा खर्चही सोसला. तेथें ॲबिगेल क्वांट या बाईंनीं ती उसवली. नुसतें उसवण्यास चार वर्षें लागलीं, कारण पाठीला जुन्या सरसाबरोबर अलीकडचा, पाण्यानें न सुटणारा कृत्रिम गोंद थापलेला होता.

पुढें वाचन. पानावर निरनिराळ्या रंगांचा व अतिनील प्रकाश टाकून छायाचित्रें घेतलीं व तीं एकावर एक बसविलीं, कीं प्रार्थनेची शाई काळी राहते व खालची तांबूस उमटते. सोनेरी चित्रांखालीं हा उपाय चालेना. तेव्हां २००५ पासून स्टॅनफर्ड येथील किरणयंत्रांत तीं पानें धरलीं. हिराकसांत लोह असतें. अक्षर पुसलें तरी चामड्यांत मुरलेले लोहाचे कण क्ष-किरणांस उत्तर देतात, व सोन्याच्या थराखालून ओळी उमटल्या. आपल्या काजळ-डिंकाच्या शाईंत लोह नसतें, म्हणून या उपायाची आशा आपल्या पोथ्यांना धरतां येणार नाहीं, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

मिळालें काय? हायबर्ग यांना शिवणींत न दिसलेल्या ओळी मिळाल्या. 'रीती'च्या चौदाव्या सिद्धांतांत दोन अनंत समुदायांची संख्या समान आहे असें धरून आर्किमिडीज पुढें जातो, असें रेव्हिएल नेट्झ व केन साइतो यांनीं २००१ त दाखविलें. ग्रीक लोक साक्षात् अनंताला हात लावीत नसत हें मत त्यामुळें सैल झालें. चौदा तुकड्यांच्या चौरसाचा 'स्टोमाखिऑन' नांवाचा ग्रंथ, जो मुलांचें खेळणें म्हणून टाकून दिला होता, तो तुकडे किती प्रकारें जुळतात याच्या मोजदादीचा असावा असें नेट्झ म्हणतात. ते प्रकार १७,१५२ आहेत असें २००३ त गणकयंत्रानें काढलें. मात्र आर्किमिडीजनें हा आंकडा काढला होता असें पोथींत कोठें नाहीं, आणि मला तरी नेट्झ यांचें हें अनुमान उपलब्ध तुटक पानांवर फार भार टाकणारें वाटतें. याखेरीज अथेन्सच्या हायपरायडीझ या वक्त्याचीं हरवलेलीं भाषणें व ॲरिस्टॉटलच्या एका ग्रंथावरील अज्ञात टीका त्याच प्रार्थनांखालून निघाली. २००८ सालीं सर्व छायाचित्रें सर्वांस विनामूल्य खुलीं करण्यांत आलीं.

पोथींत आज १७४ पानें आहेत. हायबर्ग यांनीं पाहिलेलीं तीन पानें लिलांवाच्या वेळीं तींत नव्हतीं. २०११ मध्यें केंब्रिजहून दोन खंडांत जी आवृत्ति निघाली तींत त्या पानांसाठीं, १९०६ सालीं घेतलेल्या व कोपनहेगनच्या राजग्रंथालयांत जपलेल्या छायाचित्रांचाच आधार घ्यावा लागला.